जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: फवारणी सगळ्यात शेवटी

बडोद्यात उन्हाळा लागला की दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांपासून मकरपुऱ्याच्या सोसायट्यांपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. जास्वंदीला पांढरा कापूस लागला, औषध मारलं, आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा आला. मग औषध बदलतात, मात्रा दुप्पट करतात आणि शेवटी वैतागून झाडच उपटतात. बहुतेक वेळा औषध ठीकच असतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. बाटली सगळ्यात आधी हातात घेतली जाते, आणि मुंग्या, तण, कापलेल्या फांद्या, शेजारची कुंडी या गोष्टींकडे कुणी पाहत नाही.

हा क्रम कुंडीतल्या, अंगणातल्या आणि कुंपणातल्या जास्वंदीसाठी आहे. पहिल्या दिवशी दोनेक तास लागतील, नंतर दर आठवड्याला थोडा वेळ. झाडं जास्त असतील तर एका दिवशी निम्मी झाडं घ्या, पण घेतलेल्या झाडाचे सगळे टप्पे त्याच दिवशी पुरे करा.

## टप्पा १: आधी ओळख पटवा

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, हा मऊ अंगाचा, चपटा, लंबगोल किडा. वाढलेली मादी तीन ते पाच मिलिमीटरची असते आणि तिच्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं मेण असतं. ती फारशी हलत नाही. फिरतात ती तिची पिल्लं. पिवळसर आणि इतकी बारीक की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. वाऱ्यानं, मुंग्यांनी, आपल्या बाहीनं आणि कात्रीनं ती एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. एक मादी काही शे पिल्लं देते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. म्हणून चार किडे राहिले तरी दीड महिन्यात झाड पुन्हा पांढरं दिसतं.

आपल्या भागात जास्वंदीवर प्रामुख्यानं तीन प्रकार सापडतात. पहिल्याच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या दोन ओळी दिसतात. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, आणि २००५ नंतर गुजरातच्या कपाशीत यानंच धुमाकूळ घातला. दुसरा गुलाबी: चिरडला की बोटाला गुलाबीसर रस लागतो, आणि त्याच्या लाळेमुळे शेंड्याची पानं मुरडून त्यांचा गुच्छ होतो. तिसरा पपईवरचा, अंगानं पिवळा. तो मध्य अमेरिकेतून आला आणि २००८ मध्ये भारतात प्रथम कोइम्बतूरला नोंदला गेला. चाफा, पपई आणि जास्वंद या तिघांवर तो खुशाल राहतो. किडीच्या या तिन्ही प्रकारांवरचा उपाय सारखाच आहे. फरक एवढाच की गुलाबी प्रकारानं मुरडलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही, तो कापावाच लागतो.

पांढरं दिसलं म्हणजे पिठ्या ढेकूणच, असं धरून चालू नका. तीन गोष्टींशी त्याची गल्लत होते.

पानाच्या खालच्या बाजूला पांढरी गोल गोल नक्षी असेल आणि फांदी हलवल्यावर बारीक पांढऱ्या माश्या उडत असतील, तर ती चक्राकार पांढरी माशी. तिची एक नवी जात २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला नारळावर सापडली आणि पुढे रोपांबरोबर बाहेर पसरली. नारळ, केळ, पेरू आणि शोभेचे पाम हे तिचं आवडतं खाद्य. तिच्यावर पाण्याचा जोराचा फवारा आणि नीम पुरतं. जहाल औषध मारलं तर तिला खाणारे परजीवी कीटकच मरतात.

पानावर पिठासारखा थर असेल, बोटानं पुसला जात असेल आणि त्यात किडा सापडत नसेल, तर ती भुरी, म्हणजे बुरशी. तिचा उपचार वेगळा.

तिसरी गल्लत सगळ्यात महाग पडते. क्रिप्टोलेमस नावाचा छोटा भुंगेरा पिठ्या ढेकूण खाऊन जगतो. तो ऑस्ट्रेलियातला, १८९८ मध्ये मुद्दाम भारतात आणला गेला. त्याची अळी हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते: अंगभर पांढरे मेणाचे लांब धागे, लांबी एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्तच. लोक तिला ‘सगळ्यात मोठा किडा’ समजून आधी मारतात, आणि झाडाचा सगळ्यात चांगला राखणदार जातो.

तपासणी: दातकोरणीनं हलकेच डिवचा. जागेवर बसून राहिला किंवा अगदी संथ सरकला तर पिठ्या ढेकूण. लगबगीनं पळाला, आकारानं मोठा असला आणि धागे लांब असले तर क्रिप्टोलेमसची अळी. फांदीवर तपकिरी, टणक, फुगलेले दाणे दिसले आणि त्यांना बारीक भोक असलं, तर ते आतून परजीवी गांधीलमाशीनं खाल्लेले मिलीबग. अळ्या किंवा असे दाणे बऱ्यापैकी दिसत असतील तर त्या झाडावर फवारणी करूच नका. मुंग्यांचा टप्पा तेवढा पुरा करा आणि दोन आठवडे वाट पाहा.

## टप्पा २: सामान गोळा करा, पाणी तपासा

धारदार कात्री किंवा सिकेटर, जाड काळी प्लास्टिक पिशवी, जुनी चादर, जुना दातब्रश, कापूस, सर्जिकल स्पिरिट, हातमोजे, भिंग, एक लिटरची फवारणीची बाटली (झाड मोठं असेल तर पंप), नीम तेल, पोटॅश साबण. नीम तेल आणि पोटॅश साबण शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतात. नीम तेल थंड घाण्याचं, वासाला उग्र असलेलंच घ्या. कपड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नका. तिनं जास्वंदीच्या पानांच्या कडा जळतात आणि कळ्या गळतात.

पाण्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा दही फाटल्यासारखा चोथा होतो आणि किड्यावर बसायला साबणच उरत नाही. फवारणी फुकट जाते, वर नोझल तुंबतं.

तपासणी: पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि अर्धा चमचा साबण घालून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी एकसारखं दुधट राहिलं तर ठीक. वर पांढरा साका तरंगला तर ते पाणी नको. नळाचं, पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. तेही नसेल तर साबणाऐवजी रिठा वापरा: आठ-दहा रिठे फोडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी चोळून गाळा. जड पाण्यात रिठ्याचा फेस मोडत नाही.

## टप्पा ३: झाड वेगळं काढा, भोवताल साफ करा

कुंडी असेल तर बाकीच्या कुंड्यांपासून निदान दोन मीटर लांब न्या, आणि वाऱ्याच्या दिशेला इतर झाडं नसतील अशा कोपऱ्यात ठेवा. कुंडी उचलल्यावर तिचा तळ, पाण्याचं भोक, कडेची खोबण आणि खालची ताटली बघा. पिठ्या ढेकूण तिथेच दबा धरून असतो. दातब्रश आणि साबणाच्या पाण्यानं ते सगळं घासा. कुंडी ज्या फरशीवर होती तीही.

जमिनीतलं झाड हलवता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती मीटरभर तण काढा. गाजर गवत आणि पेटारी ही दोन आधी. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण या दोन्हींवर वर्षभर तग धरतो, आणि पेटारी तर जास्वंदीच्याच कुळातली. परसात भेंडी लावली असेल तर तिचे शेंडेही याच वेळी बघा, तीही त्याच कुळातली. उपटलेलं तण तिथेच ढीग करून टाकू नका. ते वाळायला लागलं की पिल्लं चालत जास्वंदीकडे येतात.

आपल्या घरांमधली एक सवय इथे सांगायलाच हवी. गणपतीला किंवा देवीला वाहिलेल्या जास्वंदीचं निर्माल्य खत होईल म्हणून सरळ कुंडीत टाकलं जातं. खंडेराव मार्केटमधून आणलेल्या फुलांच्या देठात किडा असेल तर आपणच तो झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवतो. निर्माल्य झाकणाच्या डब्यात कुजवा, पुरतं कुजल्यावरच कुंडीत घाला.

## टप्पा ४: छाटणी, आणि तीही पिशवीत

खाली चादर अंथरा. फांदी कापण्याआधी तिच्यावर पिशवी चढवा आणि मग कापा. उलट केलं तर कापण्याच्या धक्क्यानं पिल्लं खालच्या पानांवर झडतात. मुरडलेले शेंडे, गच्च पांढरे पडलेले कोंब आणि आतल्या आत गुंतलेल्या बारीक फांद्या काढा. भिंतीला, गजाला, कपडे वाळवायच्या दोरीला टेकणारी फांदीही काढा. मुंग्यांसाठी ती पूल असते, आणि टप्पा ६ मध्ये हे कामाला येईल.

किती कापायचं? पावसाळ्यात अर्धं झाड कापलं तरी चालतं. एप्रिल-मेमध्ये एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. ४२ अंशांच्या उन्हात उघड्या पडलेल्या खोडाची साल भाजते, आणि ते दुखणं किडीपेक्षा वाईट.

प्रत्येक झाडानंतर कात्रीची पाती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मगच कचऱ्याच्या गाडीत द्या. ओला कचरा म्हणून त्या दिवशीच उघडी दिली किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकली, तर कीड फक्त पत्ता बदलते.

सावध: छाटल्यावर ‘नवी पालवी जोमानं यावी’ म्हणून युरिया किंवा भरपूर खत घालू नका. कोवळी, रसाळ पालवी हीच पिठ्या ढेकणाची मेजवानी. कीड आटोक्यात येईपर्यंत खत थांबवा, पाणी मात्र नेहमीप्रमाणे द्या.

## टप्पा ५: नुसत्या पाण्यानं धुवा

इथपर्यंत आलात की अर्धं काम झालं. होज पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून धार करा आणि पानांच्या खालून वर, मग पानाच्या बगलेत (देठ फांदीला मिळतो तिथे), मग खोडावर मारा. कळ्यांवर थेट धार नको. कुंडीची माती आधी प्लास्टिकनं झाकून घ्या. नाहीतर वरून पडलेले किडे मातीत जाऊन मुळाशी बसतात.

धार पोचत नाही अशा बेचक्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा. किडा लगेच तपकिरी पडतो. बोळा ओला असावा, गळता नको. हे काम सूर्य कलल्यावर करा.

पानांवर चिकटा, म्हणजे किडीनं टाकलेला गोड रस, आणि त्यावर काळी बुरशी धरली असेल तर ती ओल्या फडक्यानं पुसा. ही बुरशी पानात शिरत नाही, चिकट्यावर वाढते. तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक घेणं म्हणजे पैसे वाया.

## टप्पा ६: मुंग्या

हा टप्पा गाळणाऱ्यांची कीड परत येते. मी या एका गोष्टीबद्दल फार आग्रही आहे, कारण किती झाडं केवळ यापायी गेलेली पाहिली आहेत.

पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. मुंग्यांना तो हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या क्रिप्टोलेमसच्या अळ्यांना आणि परजीवी गांधीलमाश्यांना हुसकावतात आणि पिल्लं नव्या फांद्यांवर पोचवतात. खोडावर मुंग्यांची रांग चालू असेपर्यंत झाडाचे मित्र तिथे टिकत नाहीत.

रस्ते आधी तोडा. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या टप्पा ४ मध्ये गेल्या. आता खोडाला, जमिनीपासून साधारण वीतभर वर, चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी घट्ट गुंडाळा. तिच्यावर प्लास्टिकची चिकटपट्टी लावा आणि चिकटपट्टीवर ग्रीस किंवा व्हॅसलिनचा थर द्या. ग्रीस थेट सालीवर कधीही लावू नका, साल गुदमरते आणि तडकते. पट्टी दर पंधरा दिवसांनी सोडून जागा बदला. धुळीनं ग्रीस भरलं की मुंग्या त्यावरून सहज जातात, म्हणून लक्ष ठेवा. कुंडी असेल तर ती विटेवर ठेवा आणि वीट पाण्याच्या ताटलीत. ताटलीचं पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

मग वारूळ. मुंग्यांचा खडू ओढला की समोरच्या मुंग्या मरतात, वारुळातली राणी तशीच राहते, आणि पहिल्या पाण्यात खडू धुऊन जातो. त्यापेक्षा आमिष बरं: १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम टाकणखार विरघळवा, कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा, आणि झाकण मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. पहिल्या दिवशी गर्दी वाढते, आणि ती वाढायलाच हवी. टाकणखार जास्त घातला तर मुंगी वाटेतच मरते आणि घरापर्यंत काहीच नेत नाही, म्हणून मात्रा वाढवू नका. बोळा दर दोन दिवसांनी ताजा करा. आठवडा-दहा दिवसांत रांग विरळ होते.

सावध: हे आमिष मुलं, मांजरं, कुत्री यांच्या हाती लागू देऊ नका. भोक पाडलेल्या बंद डबीत ठेवा.

## टप्पा ७: आता फवारणी

प्रमाण असं: एक लिटर पाणी, ५ मिलिलिटर नीम तेल, ३ मिलिलिटर पोटॅश साबण (किंवा रिठ्याचं पाणी ५० मिलिलिटर). इथेही क्रम महत्त्वाचा. आधी वाटीत तेल आणि साबण एकत्र करून पांढरट होईपर्यंत फेटा, मग थोडं कोमट पाणी घालून फेटा, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात ओता. तेल सरळ बाटलीत टाकलं तर ते वर तरंगतं. सुरुवातीला नुसतं पाणी बाहेर येतं, आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत सगळं तेल एकाच फांदीवर पडून ती जळते. मग दोष नीमला दिला जातो.

द्रावण काही तासांत संपवा, उद्यासाठी ठेवू नका. फवारताना बाटली मधूनमधून हलवत राहा.

पहिल्यांदा करत असाल तर चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. आपली एकेरी लाल देशी जास्वंद सोशिक आहे. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती हळव्या, त्यांना निम्म्या मात्रेपासून सुरुवात करा.

वेळ ऋतूप्रमाणे बदला. ऑक्टोबर ते मार्च, ऊन उतरल्यावर संध्याकाळी. एप्रिल-मेमध्ये बडोद्याची संध्याकाळही तापलेली असते, आणि तापलेल्या पानावर तेल चटका देतं. त्या दिवसांत तेल टाळा, फक्त साबणाचं पाणी (लिटरला ५ मिलिलिटर) पहाटे मारा आणि ऊन चढायच्या आत साध्या पाण्यानं धुऊन टाका. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळल्यावर त्याचा उपयोग नाही. पावसाळ्यात दोन सरींमधला कोरडा दिवस गाठा. त्या दमट हवेत लेकॅनिसिलियम ही किडीवर वाढणारी बुरशी चांगलं काम करते. तिची भुकटी जैविक औषधांच्या दुकानात मिळते. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, आणि तिच्या आगेमागे आठ दिवस कोणतंही बुरशीनाशक नको. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती वापरण्यात अर्थ नाही.

फवारा कुठे? पानाची खालची बाजू, पानाची बगल, कळीच्या देठाखालची वाटी, खोडाच्या भेगा, जमिनीलगतचा भाग. वरून पाऊस पाडल्यासारखं मारलं की फक्त पानांची वरची बाजू धुतली जाते. फवारणीआधीच फुलं तोडून घ्या.

तपासणी: फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी दहा किडे डिवचून बघा. सुकून तपकिरी पडले असतील तर फवारा पोचला. निम्मे जिवंत असतील तर औषध बदलू नका, टप्पा ५ पुन्हा करा. मेणाच्या थराखाली काहीच शिरलेलं नाही.

### जहाल औषध घ्यावं का?

घरच्या जास्वंदीसाठी माझं स्पष्ट उत्तर आहे: नाही. झाडात भिनणारी औषधं परागातही उतरतात, आणि जास्वंदीवर शिंजीर, मधमाश्या, फुलपाखरं सतत येतात. हीच फुलं आपण देवाला वाहतो, मुलं ती हातात घेतात, केसांच्या तेलात उकळली जातात. सोसायटीच्या मोठ्या कुंपणासाठी माळी कीटकनाशक वापरणारच असेल, तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. भारतात लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल आणि पिवळा त्रिकोण राहत्या जागेत नको. दोन औषधं अंदाजानं एकत्र करणं तर मुळीच नको.

## टप्पा ८: फेऱ्या मोजा

मादी अंडी घालते ती कापसासारख्या पिशवीत, आणि त्या पिशवीत फवारा शिरत नाही. आज दिसणारे सगळे मेले तरी आठवड्यानं नवी पिल्लं बाहेर पडतात. म्हणून सात दिवसांनी दुसरी फेरी, चौदाव्या दिवशी तिसरी, एकविसाव्या दिवशी चौथी. झाड स्वच्छ दिसतंय म्हणून तिसरी गाळतात, तिथेच घोळ होतो. प्रत्येक फेरीत आधी मुंग्या बघा, मग धुवा, मग फवारा.

तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणालाही त्या दिसतील आणि तुम्ही गावाला गेलात तरी फेरी चुकणार नाही.

चार फेऱ्यांनंतर सलग दोन आठवडे भिंगाखाली काही सापडलं नाही तर कुंडी जागेवर न्या. तरीही झाड मलूल असेल, पानं पिवळी पडत असतील आणि वर किडा दिसत नसेल, तर कुंडीतून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. मुळांवर पांढरे पुंजके असतील तर कीड खाली आहे. जुनी माती पूर्ण झाडून पिशवीत भरा, मुळं साबणाच्या सौम्य पाण्यात दहा मिनिटं बुडवा, साध्या पाण्यानं धुवा आणि घासलेल्या कुंडीत नव्या मातीत लावा. हे भर उन्हाळ्यात करू नका, पावसाची वाट पाहा.

गणपतीसाठी फुलं हवी असतील तर उलटं मोजा. छाटणीनंतर भरघोस फुलं यायला दीड-दोन महिने लागतात. भाद्रपदातल्या चतुर्थीसाठी मोठी छाटणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात संपायला हवी, आणि फेऱ्या जुलैत. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कापूस दिसला तर फक्त पाणी आणि स्पिरिटचा बोळा.

## टप्पा ९: नवं रोप घरात आणताना

बडोद्याच्या नर्सऱ्यांत मिळणारी बरीच शोभेची रोपं इथे वाढलेली नसतात. आंध्रातल्या कडियमहून, पुण्याजवळच्या उरुळी कांचन भागातून ट्रकनं येतात, आणि ट्रकमध्ये जास्वंद, क्रोटन, पाम, चाफा एकमेकांना चिकटून दोन-तीन दिवस प्रवास करतात. एका रोपावरची कीड उतरेपर्यंत दहा रोपांवर गेलेली असते. दुकानदाराचा त्यात हेतू नसतो, पण बघून घेणं आपल्याच हातात आहे.

नर्सरीत ‘जासूद’ (जास्वंदीचं गुजराती नाव) मागितलीत की फुललेलं रोप पुढे केलं जातं. फूल बघू नका. पान उलटं करा, शेंड्याची बगल उघडा, पिशवीच्या तळाची भोकं बघा, बुंध्याला बोट लावून चिकट लागतंय का बघा. रोपावर मुंगी फिरत असेल तर ते रोप परत ठेवा. शेजारच्या क्रोटनवरही नजर टाका, कारण उद्या तुमचं रोप तसंच होणार आहे.

घरी आणल्यावर तीन ते चार आठवडे ते बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा, वेगळ्या झारीनं पाणी द्या, आणि पाणी घालताना त्याचा नंबर शेवटचा ठेवा. दर आठवड्याला टप्पा १ ची तपासणी करा. कुंडी बदलायची घाई नको. आधी ते निरोगी असल्याची खात्री, मग लागवड.

शेजाऱ्यांकडून येणाऱ्या फांदीलाही हाच नियम. ‘तुमच्या जास्वंदीची एक फांदी द्या’ ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चालू राहावी. देणाऱ्यानं स्वच्छ झाडाचीच फांदी द्यावी. घेणाऱ्यानं लावण्याआधी पानं कमी करून ती सौम्य साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवावी, साध्या पाण्यात खळबळावी आणि मग वेगळ्या कुंडीत लावावी.

## सोसायटीचं कुंपण बदलताना

गुजरात सरकारनं २०२३ मध्ये कोनोकार्पस या कुंपणाला लावल्या जाणाऱ्या शोभेच्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, आणि आता त्याच्या जागी काय लावायचं असा प्रश्न अनेक सोसायट्यांपुढे आहे. घाऊक भावात पन्नास जास्वंदी घेऊन एका ओळीत लावणं सोपं वाटतं. पण फांदीला फांदी लागलेल्या अशा ओळीत पिठ्या ढेकूण एका टोकाला शिरला की दुसऱ्या टोकापर्यंत त्याला जमिनीवर उतरावंच लागत नाही. तिथे फवारणीच्या फेऱ्या माळ्यालाही झेपत नाहीत.

तीन झाडांत एक जास्वंद ठेवा. मधे तगर, कामिनी, कण्हेर अशी वेगळ्या कुळातली झुडपं लावा. कामिनी लिंबाच्या झाडाजवळ लावू नका. दोघं एकाच कुळातली आहेत आणि लिंबावरची सिला नावाची कीड कामिनीवर वाढते. कण्हेर विषारी असते, तेव्हा मुलं खेळतात त्या बाजूला ती नको. दोन झुडपांत निदान एक मीटर अंतर ठेवा आणि भिंतीपासून इतकं पुढे लावा की मागून माणूस पाइप घेऊन जाऊ शकेल. लागवडीच्या दिवशी एवढी मोकळी जागा उघडीबोडकी दिसते, समितीतलं कुणीतरी हमखास ‘मधे अजून एकेक लावा’ म्हणतं. लावू देऊ नका. पहिल्या दोन पावसाळ्यांत ती जागा भरते, आणि पानांची मागची बाजू धुवायला रस्ता शिल्लक राहतो.

रस्त्यावरच्या किंवा सामायिक जागेतल्या मोठ्या झाडावर कीड दिसली तर स्वतः फांद्या तोडू नका. फोटो काढून महानगरपालिकेच्या उद्यान शाखेकडे लेखी अर्ज द्या. तोवर त्या झाडाखालच्या तुमच्या कुंड्या बाजूला घ्या, आणि त्याच्या फांद्या तुमच्या कुंपणाला टेकत असतील तर कुंपणाच्या बाजूनं तेवढं अंतर मोकळं करा.